रेघेला ऋतू नसतो! गडावरच्या वाटा मोबाईलच्या नकाशात आल्या, आता गावानं काय करायचं?

अकोले : पाऊस सुरू झाला की शुक्रवारी रात्रीपासून आपल्या रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. कोणी कळसूबाईला, कोणी रतनगडाला, कोणी हरिश्चंद्रगडाला. पूर्वी ही मंडळी गावात थांबायची, चहा घ्यायची, पारावर बसलेल्या माणसाला विचारायची, "बाबा, गडाला वाट कुठनं?" हल्ली विचारत नाहीत. मोबाईल हातात असतो, त्यात निळी नाहीतर लाल रेघ असते, आणि तिच्या मागं चालायला लागतात.

मागच्या आषाढात रात्री साडेनऊला कुत्री भुंकली म्हणून बाहेर आलो, तर चार पोरं माझ्या भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी. आवणी होऊन आठ दिवस झालेले. रोपं पार तुडवलेली. मी ओरडलो तसं एक पोरगं म्हणालं, "काका, ट्रॅक इथूनच जातो." मी बॅटरी मारून त्याचा मोबाईल बघितला. पोरगं खोटं बोलत नव्हतं. रेघ खरंच माझ्या खाचरातून आरपार गेलेली होती.

आधी राग आला, नंतर डोक्यात प्रकाश पडला. ती रेघ कोणीतरी जानेवारी-फेब्रुवारीत काढलेली होती. तेव्हा भात निघालेलं असतं, रान मोकळं असतं, आपली गुरंसुद्धा तिथून जातात. ज्यानं रेघ काढली तो त्या दिवशी बरोबरच चालला. पण रेघ नकाशावर चढली आणि बारा महिन्यांची झाली. रान मात्र बारा महिने एकसारखं नसतं.

या लेखात सांगायचंय ते एवढंच, की रेघेला ऋतू नसतो. ही गोष्ट शहरातल्या माणसानं समजून घ्यायला पाहिजे, आणि त्याच्या आधी आपण, कारण अडकलेल्या माणसाला शोधायला रात्री आपल्यालाच जावं लागतं.

रेघ येते कुठून?

डोक्यावर सुमारे 20 हजार 200 किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. ते सतत वेळ सांगत असतात, रेडिओवर वेळ सांगावी तसं. आपला फोन फक्त ऐकतो. कमीत कमी चार उपग्रहांचा आवाज आला, की कुणाचा किती उशिरा पोचला यावरून फोन हिशोब मांडतो आणि आपण कुठं आहोत ते ठरवतो. फोन उपग्रहाकडे काहीच पाठवत नाही. म्हणून रेंज नसली तरी, सिमकार्ड नसलं तरी, जागा कळू शकते. रेंज लागते ती नकाशाचं चित्र उतरवायला आणि आपली जागा दुसऱ्याला कळवायला.

ही सोय अमेरिकेच्या लष्करानं स्वतःसाठी उभी केली. 1983 मध्ये कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. त्यानंतर अमेरिकेनं जीपीएस सगळ्या जगाला वापरायला देण्याचं जाहीर केलं. तरी 2000 सालच्या मे महिन्यापर्यंत सामान्य माणसाला मुद्दाम चुकीची, शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे होणारी जागा मिळायची. ती मुद्दाम घातलेली चूक काढली आणि मगच घराघरात हे तंत्र पोचलं. आता रशिया, युरोप, चीन यांचेही उपग्रह आहेत. आपल्या इस्रोचं 'नाविक' आहे.

गडावर जाणारा माणूस ॲप चालू करून खिशात ठेवतो. ॲप दर काही सेकंदांनी एक ठिपका टाकतं. संध्याकाळी ते ठिपके जोडले की रेघ तयार. ती विकिलॉक, स्ट्राव्हा अशा ॲपवर टाकली की जगात कोणालाही घरी बसून बघता येते. अमका माणूस पाचनईतून किती वाजता निघाला, कुठं थांबला, किती चढला, सगळं दिसतं. पुढच्या शनिवारी दुसरा कोणीतरी तीच रेघ उतरवून घेतो आणि निघतो.

ही सोय वाईट नाही. गडावर धुकं दाटलं की आपलाही माणूस चकतो. आपण चाललेली रेघ फोनमध्ये असली, तर त्याच रेघेवरून माघारी येता येतं. पण इथं एक फरक आहे. आपण आज चालून काढलेली रेघ ही आजची असते. दुसऱ्यानं टाकलेली रेघ ही ऐकीव गोष्ट असते. ऐकीव गोष्टीवर आपण जमिनीचा व्यवहार करत नाही, मग तिच्यावर कडा कसा उतरायचा?

चूक किती मीटरची, आणि कुठं?

पीक पाहणी करताना अनुभव घेतलाच असेल. आपण आपल्याच बांधावर उभे आणि फोन आपल्याला शेजारच्या गटात दाखवतो. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची चूक साधारण पाच मीटरची असते. पण एका बाजूला कातळ, डोक्यावर दाट झाडी आणि पाऊस, अशा ठिकाणी अर्धं आभाळ झाकलं जातं. उपग्रहाचा आवाज कड्यावर आपटून फिरून येतो, म्हणजे उशिरा येतो, आणि फोनचा हिशोब चुकतो. मग चूक वीस मीटरची होते, कधी त्याहून जास्त.

सपाट रानात वीस मीटर म्हणजे काहीच नाही. कोकणकड्यावर वीस मीटर म्हणजे कडा संपला.

दुसरी गोम अशी, की ॲप दोन ठिपके सरळ रेघेनं जोडतं. आपली वाट नागमोडी असते. ओढा आला की वर जाऊन वळसा घालून येते. फोननं मधे काही वेळ ठिपकाच टाकला नाही, तर नकाशावर रेघ ओढ्यातून सरळ पलीकडे जाते. नवखा माणूस ती रेघ बघून ओढ्यात उतरतो. उन्हाळ्यात उतरला तर फक्त पाय खरचटतात. जुलैमध्ये त्याच ओढ्याला छातीएवढं पाणी असतं.

तिसरी गोम उंचीची. वरून बघितलेल्या नकाशात उभा कडा म्हणजे एक बारीक जागा. मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्यावरून नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढायचा, तर ती रेघ नकाशावर पाचनईच्या वाटेसारखीच दिसते. रंग तोच, जाडी तीच. पाचनईची वाट म्हातारी माणसंही सावकाश चढतात. नळीच्या वाटेला दोर, सराव आणि बरोबर जाणता माणूस लागतो. मोबाईलवर मात्र दोन्ही रेघा सारख्याच.

गाव ओळखतं, नकाशा ओळखत नाही

हे सगळं फक्त पायवाटेचं नाही. 2021 च्या जानेवारीत आपल्याच तालुक्यात कोतूळजवळ काय झालं ते विसरलो नाही. पुण्याकडची तीन माणसं रात्रीची कळसूबाईला निघाली होती. नकाशावर जवळचा रस्ता दिसला. त्या रस्त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्यात बुडालेला होता. गाडी सरळ पाण्यात गेली. दोघं पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला.

धरण भरलं की तो पूल पाण्याखाली जातो, हे आजूबाजूच्या गावातल्या पोराटोरांना माहीत होतं. नकाशाला माहीत नव्हतं. नकाशाच्या लेखी रस्ता तो रस्ता. उन्हाळ्यात त्यावरून गाड्या गेलेल्या, म्हणून हिवाळ्यातही जाणार.

अशीच गोष्ट 2024 च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ झाली. रामगंगा नदीवरच्या पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेलेला होता. मोबाईल बघत निघालेली गाडी अर्धवट पुलावरून खाली पडली आणि तीन माणसं गेली. तिथं बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हाही नोंदला गेला.

दोन्ही ठिकाणी लोक म्हणाले, "नकाशानं मारलं." हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हे, की पूल बंद असल्याची माहिती गावाकडे होती आणि ती रस्त्यावर लिहिलेली नव्हती. आडवं बॅरल आणि एक फलक. त्याला उपग्रह लागत नाही. आपल्याकडे जे सगळ्यांना माहीत असतं, ते लिहून ठेवायची पद्धत नाही. "कोणाला माहीत नाही?" असं आपण म्हणतो. बाहेरच्याला माहीत नसतं. आणि आता रस्त्यावर बाहेरचाच माणूस जास्त असतो.

ठिपका थांबला म्हणजे काय झालं?

आणखी एक नवी गोष्ट पोचली आहे, ती म्हणजे चालत्या माणसाचा ठिपका घरी बसून बघायची. व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन पाठवता येतं, 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तासांसाठी. पालखी कुठं पोचली हेही पुणे पोलिसांनी नकाशावर दाखवलेलं आहे. गडावर गेलेल्या पोराचा ठिपका आई मुंबईत बघत बसते.

घोळ इथंच होतो. ठिपका घरी पोचायला रेंज लागते. गडावर, खिंडीत, घळीत रेंज जाते. ठिपका जिथं रेंज गेली तिथंच थांबतो. आईला वाटतं पोरगं तीन तास एकाच जागी पडलंय. ती घाबरून फोन लावते, आणि मग रात्री गावातल्या पोरांना उठवलं जातं. पोरं पावसात दोन तास चढतात, तर ही मंडळी गुहेत मॅगी करत बसलेली. असं आमच्या भागात एकदा नाही, अनेकदा झालंय.

उलटंही होतं. खरंच अडचण असते आणि ठिपका जुनाच दिसत असतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये पुण्याकडचा एक गट हरिश्चंद्रगडावर धुक्यात वाट चुकला. रात्र रानात काढावी लागली आणि एकाचा जीव गेला. त्या दिवसांत गडावर दहा फुटांवरचं दिसत नाही, पाऊस थांबत नाही, अंगातली ऊब निघून जाते. फोन ओला झाला किंवा थंडीनं चार्जिंग उतरलं, की रेघही जाते आणि ठिपकाही जातो. तेव्हा जवळ वाटाड्या असला तर माणूस वाचतो.

म्हणून घरच्यांनी ठिपका बघताना आधी त्याची वेळ बघावी. "ही जागा किती वाजताची?" हा पहिला प्रश्न. "पोरं संध्याकाळी किती वाजता खाली येऊन फोन करणार होती?" हा दुसरा. ठरलेल्या वेळेला चार तास होऊन गेले तर काळजी करावी. ठिपका हलत नाही एवढ्यावरून नाही.

उपग्रहाचं यंत्र आणि कायदा

परदेशात डोंगरात फिरणारे लोक खिशात एक छोटं यंत्र ठेवतात. ते उपग्रहाचं ऐकतं आणि उपग्रहाला सांगतंही. रेंज नसली तरी दर दहा मिनिटांनी ठिपका घरच्या नकाशावर पोचतो, बटण दाबलं की मदत मागता येते. मग आपल्याकडे गडावर हे का नको, असं कोणीही विचारेल.

कारण आपल्याकडे परवान्याशिवाय ते चालत नाही. 2008 साली मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी समुद्रातून जीपीएस यंत्रं आणि उपग्रह फोन घेऊन आले होते. त्यानंतर थुराया आणि इरिडियमच्या फोनवर बंदी कडक झाली. दूरसंचार खात्याची परवानगी नसेल, तर उपग्रहाशी बोलणारं यंत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा. 2024 च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका डोंगरात धावणाऱ्या बाईला याच कारणानं अडवलं होतं. तिच्या देशात ते यंत्र दुकानात सहज मिळतं. आपल्याकडे ते घेऊन विमानात बसता येत नाही, हे तिला माहीत नव्हतं.

आपण यातून घ्यायचं ते असं. जीपीएस ऐकणारा फोन किंवा मनगटावरचं घड्याळ चालतं, त्याला कोणी अडवत नाही. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र कोणी पाहुण्यानं आणून दिलं, ऑनलाईन स्वस्त मिळालं, तर घेऊ नये. वाटाडे म्हणून काम करणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. परदेशी पाहुण्याच्या पिशवीत असं यंत्र दिसलं तर त्याला कायदा सांगावा.

माझं मत विचाराल तर देशाच्या सुरक्षेचा प्रश्न खरा आहे, पण गडावर मरणाऱ्या माणसाचाही खरा आहे. गावच्या बचाव पथकाला, वनखात्याच्या चौकीला परवान्यासह असं एखादं यंत्र मिळायला हरकत नसावी. ते पोलीस ठाण्यात नोंदवून ठेवता येईल. ही मागणी तालुक्यातून गेली पाहिजे.

नकाशात आपणही आहोत

आतापर्यंत पाहुण्यांचं झालं. आता आपल्या घरचं.

भरतीची तयारी करणारी आपली पोरं पहाटे रस्त्यावर पळतात. 1600 मीटरची वेळ मोजायला ॲप लावतात. पोरीही पळतात. ॲपवर ती रेघ उघडी पडते. रोज कोणत्या घरातून निघते, किती वाजता निघते, कोणत्या निर्जन रस्त्यानं जाते, कुठं थांबते, हे अनोळखी माणूस बघू शकतो. पोरीच्या बापानं हे एकदा डोळ्यांनी बघावं, मग कळेल मी काय म्हणतोय.

हे नुसतं भीती घालणं नाही. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये स्ट्राव्हानं जगभरातल्या लोकांच्या धावण्याच्या रेघा एकत्र करून एक चमकणारा नकाशा प्रसिद्ध केला. दोन महिन्यांनी ऑस्ट्रेलियाच्या एका विद्यार्थ्याच्या ध्यानात आलं, की अफगाणिस्तान आणि सीरियाच्या ओसाड रानात मधेच चौकोनी चमकणाऱ्या रेघा दिसतात. ते परदेशी सैन्याचे तळ होते. जवान व्यायाम म्हणून तळाच्या कुंपणाकडेनं पळत होते आणि त्यांचं घड्याळ तळाचा नकाशा जगाला दाखवत होतं. आपल्या तालुक्यातली पोरं उद्या फौजेत जाणार. ही सवय इथंच सुटली पाहिजे.

उपाय सोपा आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन रेघ 'फक्त मला' अशी करायची. घराच्या आसपासची सुरुवात आणि शेवट लपवायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते, ती चालू करायची. आणि रेघ टाकायचीच असेल, तर पळून घरी आल्यावर टाकायची, पळत असताना नाही.

तशीच गोष्ट रानातल्या जागांची. देवराई, बिबट्याची घळ, मधाची पोळी, दुर्मिळ झाडं. आपल्या म्हाताऱ्यांनी ज्या जागा बोलूनसुद्धा दाखवल्या नाहीत, त्या रीलसोबत पिन टाकून जगाला देऊ नयेत. एकदा दिलेली पिन परत घेता येत नाही.

फायदा कोणाचा, भार कोणावर?

2025 च्या जुलैमध्ये शिवकाळातल्या बारा किल्ल्यांना युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. शेजारच्या जुन्नरचा शिवनेरी आहे, नाशिक जिल्ह्यातला साल्हेर आहे. आपल्या तालुक्यातला एकही गड त्यात नाही. पण किल्ल्यांची हवा वाढली की गर्दी आपल्याकडेही वाढते. त्यात काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला काय होतं ते आपण बघतोच.

या गर्दीतून गावाला पैसा मिळतो. जेवण, मुक्काम, गाडी लावायला जागा, वाटाड्याचं काम. खोटं कशाला बोलायचं, माझ्या घरीही पावसाळ्यात जेवणाच्या ऑर्डरी असतात. पण रेघ आली तशी वाटाड्याचं काम कमी झालं. माणूस म्हणतो, "ट्रॅक आहे की फोनमध्ये." वाटाड्याचे पैसे वाचवतो. आणि चुकला की त्याच वाटाड्याला रात्री बारा वाजता फुकट बोलावलं जातं.

पोरं जातात. माणूस अडकलाय म्हटल्यावर आपल्याकडे कोणी पैसे विचारत नाही, आणि विचारूही नये. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा रोज बुडतो. पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च त्यांचाच. बातमीत 'स्थानिकांच्या मदतीनं' एवढे दोनच शब्द येतात. ते शब्द मीही बातमीत अनेकदा लिहिले आहेत, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

मग करायचं काय?

माझ्या मते पाच गोष्टी. एकीलाही मोठा पैसा लागत नाही.

एक. आपल्या वाटांची रेघ आपणच काढायची. गावातल्या दोन जाणत्या माणसांबरोबर कॉलेजचं एक पोरगं द्यावं. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात चालून रेघ काढावी. नावातच लिहावं, 'पावसाळी वाट' किंवा 'फक्त उन्हाळ्यात'. ओढा कुठं, कडा कुठं, पाणी कुठं, भाताची खाचरं कुठून सुरू होतात, तिथं खुणा टाकाव्या. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा खुला नकाशा आहे, त्यात कोणालाही भर घालता येते. पुष्कळ ट्रेकिंगची ॲप तोच नकाशा वापरतात. आपण बरोबर वाट टाकली, की चुकीची रेघ मागं पडते.

दोन. बंद रस्ता बंद म्हणून कळवायचा. गुगल मॅपमध्ये रस्ता बंद असल्याचं कोणालाही कळवता येतं. पूल पाण्याखाली गेला की गावातल्या पाच-दहा जणांनी एकाच दिवशी कळवावं. आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीनं दोन्ही बाजूंना आडवं बॅरल आणि फलक लावावा. फलक आधी, मोबाईल नंतर.

तीन. पायथ्याला नोंदवही. किती जण, नाव, घरचा नंबर, कोणत्या वाटेनं, किती वाजता खाली येणार. जिथं वनखात्याचं किंवा गावच्या समितीचं प्रवेश शुल्क घेतलं जातं, तिथं पावती फाडतानाच या गोष्टी लिहून घेता येतील. संध्याकाळी कोण उतरलं नाही हे त्या वहीवरून लगेच कळेल. मुंबईच्या फोनची वाट बघावी लागणार नाही.

चार. पावसाळ्यात अवघड वाटांना वाटाड्या सक्तीचा करावा आणि त्याचा दर पायथ्याला फळ्यावर लिहावा. दर लिहिलेला असला की घासाघीस होत नाही. त्यातला थोडा भाग बचावाच्या दोर-बॅटऱ्यांसाठी आणि पोरांच्या विम्यासाठी बाजूला काढावा.

पाच. जागा आकड्यात सांगायला शिकायचं. नकाशावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, अक्षांश आणि रेखांश. एक अंश म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण 111 किलोमीटर. म्हणून दशांश चिन्हापुढचे दोनच आकडे सांगितले, तर जागा किलोमीटरभर इकडेतिकडे होते. चार आकडे सांगितले तर चूक साधारण अकरा मीटरवर येते. हरिश्चंद्रगडाला नगर, पुणे आणि ठाणे असे तीन जिल्हे भिडतात. किलोमीटरच्या चुकीनं फोन दुसऱ्याच जिल्ह्यात जातो. मदत मागणाऱ्याकडून पुरे आकडे घ्यावे, ते साध्या एसएमएसनं पाठवायला सांगावे. इंटरनेट नसतानाही एसएमएस कधी कधी निघून जातो.

गडावर जाणाऱ्यांनाही दोन शब्द. नकाशा घरीच उतरवून घ्या. रेंज नसलेल्या ठिकाणी फोन विमान मोडवर टाका, बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरी चालू राहतं आणि चार्जिंग वाचतं. अडचण आली तर 112 लावा. आपल्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कंपनीचा टॉवर लागत असला, तरी तो फोन लागू शकतो. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर ही गिर्यारोहकांची बचाव यंत्रणा आहे, तिचा नंबर निघायच्या आधी फोनमध्ये घालून ठेवा. आणि वाट चुकलात तर रेघ शोधत खाली घसरत जाऊ नका. जिथं आहात तिथं आडोशाला थांबा. थांबलेला माणूस सापडतो, भटकणारा सापडत नाही, हा रानातला जुना अनुभव आहे.

त्या रात्री त्या चार पोरांना मी घरी आणलं. कपडे बदलायला दिले, पिठलं-भाकरी खाल्ली, पडवीत झोपली. सकाळी पाऊस उघडला तेव्हा मी त्यांना खऱ्या वाटेपर्यंत सोडायला गेलो. खाचराच्या वरच्या अंगानं, बांधाच्या पलीकडून, मारुतीच्या देवळामागून ती जाते. त्यांच्यातल्या एकानं चालता चालता ॲप चालू केलं आणि ती वाट नव्यानं काढून घेतली. जाताना मी त्याला म्हणालो, "नावात 'पावसाळी' लिही बरं का." त्यानं माझ्यासमोर लिहिलं.

आठवडाभरानं बघितलं तर रेघ नकाशावर आली होती. तेव्हापासून माझ्या खाचरात कोणी आलं नाही. जुनी रेघही अजून तिथंच आहे, ती काढायचा अधिकार माझ्याकडे नाही. पण शेजारी बरोबर रेघ आहे. प्रत्येक गावानं आपल्या दोन-तीन वाटांचं एवढं केलं, तरी पुढच्या पावसाळ्यात पोरांना रात्री उठवायची वेळ कमी येईल. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, एवढं सांगून थांबतो.